चिंचोली बंदर आणि खाडीची वाट

मालाड स्थानकाच्या पश्चिमेस जो स्वामी विवेकानंद मार्ग आहे, त्याचे पूर्वीचे नाव घोडबंदर रस्ता. ह्या रस्त्याने दक्षिणेकडे थोडे चालत गेले की एक फाटा पश्चिमेकडे वळतो; त्याचे नाव चिंचोली बंदर रस्ता. म्हणजे मालाडच्या ह्या एका नाक्यावर दोन बंदरांची नावे एकमेकांना भेटतात. त्यांपैकी घोडबंदर उत्तरेस, वसईच्या खाडीवर. तेथे उतरणाऱ्या घोड्यांवरून ते नाव पडले असे सांगतात. दुसरे बंदर नावापुरते उरले आहे. चिंचोली बंदरास जाणाऱ्या माणसाला आज गलबत दिसत नाही, धक्का दिसत नाही, पाणीही सहजासहजी दिसत नाही. घरांच्या व कचेऱ्यांच्या रांगा ओलांडून, तिवरांच्या पलीकडे गेले तरच मालाडची खाडी दृष्टीस पडते.

परंतु गावोगावची नावे उगाच पडत नसतात. ज्या जागेला लोक बंदर म्हणत, तेथे माल चढत होता आणि उतरत होता. आणि तो माल वाहून नेण्यास कोळसा जळत नव्हता, तेल जळत नव्हते. चंद्राने चढविलेले पाणी आणि ऋतूप्रमाणे फिरणारा वारा, ही दोनच बळे त्या वाहतुकीच्या पाठीशी होती. अलीकडे अवजड माल सडकेवरून पुन्हा पाण्यावर आणावा, आणि तोही धूर न सोडणाऱ्या नौकांतून न्यावा, असा विचार जगभर चालू आहे. हा विचार नवा म्हणून मांडला जातो. साष्टीच्या बेटाला मात्र तो जुनाच आहे. किंबहुना हे बेट शेकडो वर्षे त्याच व्यवस्थेवर जगले. ती व्यवस्था कशी चालत होती आणि ती नेमकी कशामुळे मोडली, हे पाहिल्याखेरीज ती पुन्हा उभी करण्याच्या गोष्टींचा खरेखोटेपणा उमगणार नाही.

प्रथम भूमीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे ज्या भूमीवर वसली, ती साष्टी हे एक बेट. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस समुद्र. पश्चिम किनाराही सरळ नाही. वेसावे आणि मढ यांच्यामधून मालाडची खाडी आत शिरते. मार्वे आणि मनोरी यांच्यामधून मनोरीची खाडी शिरते. ओशिवरा, पोयसर, दहिसर ह्या डोंगरातून येणाऱ्या लहान नद्या ह्याच खाड्यांना मिळतात. त्यामुळे बेटावरील बहुतेक गावांना पाणी हाकेच्या अंतरावर होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध पुरा होईपर्यंत मुंबईहून साष्टीत कोरड्या पायांनी जाता येत नसे. वांद्रे आणि माहीम यांच्यामधील रस्ता तर १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले. तोपर्यंत भाताची पोती असोत, गवत असो, की माणसे असोत, सर्वांना होडीवाचून गत्यंतर नव्हते.

ह्या पाण्याचा मोठा राजमार्ग म्हणजे उल्हास नदी. लोणावळ्याच्या बाजूला उगम पावून, कर्जत, बदलापूर ही गावे मागे टाकून ती कल्याणास येते. तेथपर्यंत समुद्राच्या भरतीचे पाणी चढते, आणि म्हणूनच कल्याण हे समुद्रापासून इतके आत असूनही बंदर झाले. नाणेघाटाने उतरलेला देशावरचा माल येथे पाण्यावर चढे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर कल्याणचे नाव कोरलेले सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वाटाडी-ग्रंथात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणाविषयी एक मोठी मार्मिक नोंद आहे. पूर्वीच्या एका राजाच्या काळी ही खुली बाजारपेठ होती. पुढे सत्ता पालटली आणि तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागले, असे तो लिहितो. नदी होती तीच राहिली, पाण्याची खोलीही तीच. परंतु काठावरचा धनी बदलला आणि बंदर बसले.

हीच गोष्ट पुढे वारंवार घडली. १५३४ मध्ये वसई व साष्टी पोर्तुगिजांकडे गेल्यावर, आणि पुढे १६६० नंतरच्या दशकात मुंबई इंग्रजांच्या हाती आल्यावर, ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगिजांचे नाके होते. कल्याणहून मुंबईस धान्य आणणाऱ्या होड्यांना त्या नाक्यांवरून जावे लागे आणि जकात भरावी लागे. ह्या जकातीवरून इंग्रज व पोर्तुगीज यांचे वर्षानुवर्षे भांडण चालले. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि ह्याच खाड्यांच्या काठी आपल्या आरमाराची पहिली जहाजे बांधविली, ह्याचेही कारण हेच होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. प्रत्येक वेळी लढाई किल्ल्यासाठी झाली असे इतिहास सांगतो. किल्ले मात्र खाडीच्या तोंडाशी आणि अरुंद जागीच बांधलेले आहेत, हे विसरून चालणार नाही.

असो. राजांच्या हालचालींपेक्षा त्या पाण्यावरचा रोजचा व्यवहार अधिक मनोरंजक आहे.

खाडीतील माल वाहणाऱ्या नौका आकाराने लहान आणि तळाला बऱ्याच सपाट असत. पडाव, मचवा, महागिरी ही त्यांची नावे. समुद्रातून लांबचा पल्ला मारणारी गलबते, शिबाडे आणि फत्तेमाऱ्या वेगळ्या. पडावाला खोल पाणी लागत नसे, आणि ओहोटी झाली तरी तो खाडीच्या चिखलावर सुखाने बसून राही. ही गोष्ट किरकोळ वाटते. परंतु तिच्यामुळेच चिंचोलीसारख्या ठिकाणी मोठा दगडी धक्का बांधण्याची गरज पडत नसे. पाणी उतरले की पडाव बसला, फळी टाकली, डोक्यावरच्या टोपल्यांतून माल आत गेला. पाणी चढले की पडाव आपोआप उचलला गेला. धक्क्याचे अर्धे काम चिखलाने केले आणि यारीचे काम भरतीने.

ह्या सर्वांचे घड्याळ म्हणजे तिथी. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोळीवाड्यातील पोरांनाही ठाऊक असे. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता भरती पुरी होते. आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण. त्या दिवसांत पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते आणि जड पडावही उथळ जागेवरून पार होतो. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाण्याला ना जोर ना उंची. म्हणून मिठासारखा जड माल भरण्याचे दिवस उधाणाच्या आसपास पडत. तांडेलाला पंचांग वाचता येत नसले तरी चंद्र वाचता येत होता.

भरलेला पडाव ओहोटी लागली की निघे. पाणी स्वतःच त्याला खाडीच्या तोंडाकडे ओढून नेई. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे त्याला बाहेर काढीत. दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे परतणाऱ्या नावेला किनाऱ्याशी आणीत. पाणी आणि वारा दोन्ही उलटे असले, तर नांगर टाकून स्वस्थ बसावयाचे. काठीने व वल्ह्याने ढकलण्याची वेळ आली तर ती खाडीच्या शेवटच्या अरुंद भागात. एवढ्या अवजड मालाला एवढी थोडी मानवी शक्ती लागावी, हे सडकेवर कधीच शक्य नव्हते. सरकारी अहवालांतून नेहमी दिला जाणारा एक हिशेब येथे उपयोगी आहे: एका अश्वशक्तीने सडकेवर सुमारे १५० किलो, लोहमार्गावर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो माल हलविता येतो. तांडेलाने हे आकडे ऐकले नव्हते, पण त्याचे पोट त्यांच्यावरच भरत होते.

माल कोणता? तर ज्याला घाई नाही आणि ज्याला वजन फार, असा. मालवणी, दहिसर, भाईंदर येथे, आणि पूर्वेच्या अंगास घाटकोपर, कांजूर, भांडुप, मुलुंड येथे मिठागरे होती. हिवाळा लागला की बांध घालून खाडीचे पाणी अडवावयाचे, ते उन्हात आटवावयाचे, आणि पावसाळ्याच्या आत मीठ काढून न्यावयाचे, हा आगरी लोकांचा पिढीजात धंदा. मीठ हा माल सडकेचा नव्हेच. तो पाण्याच्या काठीच तयार होतो आणि पाण्यावरूनच जाणे त्याला सोयीचे. ठाण्यास चेंदणीजवळ मीठबंदर हे नाव अजून आहे. पारसिकला, कल्याणला रेतीबंदर आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तर मालाची यादीच जमिनीवर लिहून ठेवल्यासारखी आहे: लाकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, आणि शिवडीजवळचे हे बंदर. शेवटच्या नावातील ‘हे’ हा मराठी शब्द नव्हे. ते गवताचे इंग्रजी नाव होय. शहरातील हजारो घोडे व गाईम्हशी ज्या गवतावर जगत, ते गवत अशा बंदरांतून येई. ठाणे जिल्ह्याच्या रानांतील लाकूड, कल्याणकडचे भात, खाडीच्या तळातील रेती, मंगळुरी कौले, हे सारे पाण्यावरचे प्रवासी.

दगडाचे नावही येथे घेतले पाहिजे. मालाडचा पिवळसर दगड मुंबईच्या कित्येक भव्य इमारतींना लागला. महानगरपालिकेची इमारत आणि वस्तुसंग्रहालय ही त्यांतील ठळक उदाहरणे. १९२४ मध्ये पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया खारोडीच्या पिवळ्या दगडाचे आहे, आणि ही खारोडी मालाडहून मार्व्यास जाणाऱ्या वाटेवर आहे. जे मुंबईचे प्रवेशद्वार म्हणून जगाला दाखविले जाते, ते मालाडच्या भूमीतून उचललेले आहे.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोष झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्याशिवाय किनाऱ्यावरचा कोळी नाव पाण्यात लोटत नसे, आणि त्यात भाविकतेबरोबर व्यवहारही होता. भांगाच्या दिवसांत माल अडकून राही. अमुक वारी अमुक वाजता माल पोचेल असे वचन कोणताही तांडेल देऊ शकत नव्हता. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहणाऱ्या आगरी स्त्रीपुरुषांच्या पायांना खारे पाणी चिरा पाडी. शिवाय पडाव बांधण्यास सागवान लागे, आणि त्यासाठी जंगले तुटली. तेव्हा निर्धूम वाहतूक म्हणजे निर्दोष वाहतूक नव्हे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढील वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली. पश्चिमेकडून १८६४ मध्ये गुजरातेतून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून साष्टीत उतरला. खाडीच्या मध्ये असलेल्या पाणजू बेटावर पाय ठेवून, दोन पुलांनी तो पाणी पार करतो. ह्या दोन तारखा सांगून येथेच खाडीच्या वाहतुकीचा अंत झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. आगगाडीने प्रथम नेली ती माणसे, टपाल, कापूस, आणि जो माल वेळेवर पोचला पाहिजे तो. मीठ, रेती, गवत, लाकूड, कौले ही पुढेही कैक वर्षे पडावांतूनच येत राहिली. कारण साधे होते. आगगाडीच्या मालाला वाघिणीत चढविण्याचा एक खर्च आणि स्थानकावरून गाडीने नेण्याचा दुसरा खर्च. पडाव मात्र मिठागराच्या बांधाला लागे आणि वखारीच्या धक्क्याला उतरवी.

एवढेच नव्हे, तर अडचणीच्या काळी आगगाडी थकली तेव्हा शिडानेच हात दिला. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५ या वर्षांत, आगबोटी लष्करी कामाला लागल्या, वाघिणींची टंचाई झाली, आणि किनाऱ्यावरच्या गलबतांची सरकारला नव्याने ओळख पटली. १९४८ मध्ये भारत सरकारने शिडाच्या जहाजांचा विचार करण्यासाठी एक समितीही नेमली. तिच्यानंतरच्या काळात शिडे हळूहळू उतरली आणि त्यांच्या जागी तेलाची इंजिने बसली. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की इंजिन बसले म्हणून खाडीची वाहतूक वाढली नाही. ती घटतच गेली. वाऱ्याची वाट पाहण्याचा दोष नाहीसा झाला, भरतीवरचे अवलंबन कमी झाले, वेग वाढला; तरीही माल सडकेकडे वळला.

मग खाडीची वाट कशाने बुजली? उत्तर पाण्यात सापडत नाही. ते काठावर आहे. मोटार-ट्रक आला तो थेट दुकानाच्या दारात माल टाकू लागला, हे एक कारण खरेच. परंतु त्याच्याबरोबर काठाच्या जमिनीला भाव आला. जो काठ पूर्वी ओला, चिखलाचा आणि कवडीमोल, तो भराव घातला की सोन्याचा झाला. मालाडच्या खाडीकाठी शहराचा कचरा टाकण्यात येऊ लागला, आणि पुढे त्याच भरावावर कचेऱ्यांचे मोठे संकुल उभे राहिले. नद्यांचे नाले झाले. पूल बांधताना त्याखालून डोलकाठी किंवा भरलेली नाव जाईल की नाही, हा प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही. कारण त्या नावेचा धनी पूल बांधणाऱ्यांच्या बैठकीला बसत नव्हता. गाळ काढावयाचा तर तो कोणासाठी? बंदरच नाही, मग नाव नाही. नाव नाही, म्हणून बंदर नको. अशा रीतीने एकेक लहान बंदर नकाशावरून पुसले गेले आणि रस्त्याच्या पाटीवर जाऊन बसले.

रेतीची कथा ह्याहून कष्टाची आहे, कारण ती वाहतूक सर्वांत शेवटपर्यंत टिकली. वसईच्या खाडीत व उल्हास नदीत हातपाटी आणि डुबी पद्धतीने रेती काढीत. माणूस बादलीसह तळाशी बुडी मारी, रेती भरी आणि वर येई. मुंबईच्या उंच इमारतींत जी रेती आहे, तिच्यातील पुष्कळशी अशी श्वास रोखून वर आणलेली आहे. पुढे यांत्रिक पंप आले, उपसा बेसुमार झाला, तळ आणि काठ दोन्ही खचू लागले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेतीच्या उपशाला मनाई केली. नंतर परवान्यांचे नियम वेळोवेळी बदलत गेले. ज्या मालाने खाडीची वाहतूक जिवंत ठेवली, त्याच मालाच्या हव्यासाने खाडीची प्रकृती बिघडविली, हे येथे नमूद केले पाहिजे. पाण्यावरून जाणारा माल पाण्याला पोसतोच असे नाही.

आता सरकारी प्रयत्नांकडे वळता येईल. १९८६ मध्ये अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झाले. २०१६ च्या कायद्याने देशातील एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत ५३ वा क्रमांक कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदी ह्यांचा असून त्याची लांबी १४५ किलोमीटर धरली आहे. म्हणजे पेरिप्लसच्या काळापासून जी वाट लोकांना ठाऊक होती, तिला कायद्याचा क्रमांक मिळाला. क्रमांकाने माल येत नाही, हे मात्र ह्याच यादीतील दुसऱ्या एका नदीकडे पाहिले म्हणजे कळते. रायगड जिल्ह्यातील अंबा नदी, ४५ किलोमीटर लांबीची, हा १० वा राष्ट्रीय जलमार्ग. तिच्यावर धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज आणि कोळसा बार्जांतून येतो. अंबेला उल्हासपेक्षा पाणी अधिक आहे म्हणून हे घडले काय? नाही. कारखाना काठावर आहे आणि त्याचा धक्काही काठावर आहे, एवढेच. गोव्यातही तेच झाले. मांडवी व जुवारी ह्या नद्यांच्या काठी खाणमालकांनी धक्के बांधले आणि लोहखनिज बार्जांतून मुरगावला गेले. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा पट्टा मार्ग अडवी, तेव्हा बार्जा कुंभारजुव्याच्या कालव्याने वळसा घालून जात. २०१२ मध्ये, आणि पुन्हा २०१८ मध्ये, खाणी बंद पडताच त्याच नद्या ओस पडल्या.

परंतु ह्या बार्जा तेलावर चालतात. सरकारी हिशेबाप्रमाणे एक लिटर इंधनात सडकेवरून एक टन माल २४ किलोमीटर जातो, लोहमार्गाने ८५, आणि पाण्यावरून १०५. म्हणजे बचत मोठी आहे, तरी धूर आहेच. तो धूर काढून टाकण्याचे प्रयत्न परदेशांत झाले आहेत. चीनमध्ये २०१७ साली ग्वांगजौ येथे २,००० टन माल वाहणारी विजेची नौका पाण्यात सोडण्यात आली. गंमत अशी की ती बांधली होती पर्ल नदीकाठच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरविण्यासाठी. नेदरलँड्समध्ये २०२१ पासून एक मालवाहू नौका बिअरने भरलेली कंटेनरे नेते. तिची वीज मोठ्या डब्यांत साठविलेली असते. डबा रिकामा झाला की धक्क्यावर तो उतरवून भरलेला चढवावयाचा. टपालाच्या घोड्यांची जुनी रीतच ही. आपल्या देशात केरळातील वैकम येथे जानेवारी २०१७ पासून सूर्यप्रकाशावर चालणारी उतारूंची नौका फेऱ्या करते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कोचीच्या गोदीत बांधलेल्या हायड्रोजनच्या नौकेचा आरंभ झाला. ह्या दोन्ही माणसे नेतात, माल नव्हे.

ह्या नव्या नौकांचे एक लक्षण जुन्या पडावाची आठवण करून देते. तेलाची बार्ज आपल्या पोटात अनेक दिवसांचे इंधन घेऊन निघते, म्हणून तिला काठाची फारशी पर्वा नसते. बॅटरीच्या नौकेची गोष्ट वेगळी. तिचा पल्ला आखूड, तिला ठराविक जागी थांबून वीज भरून घ्यावी लागते; काठाशिवाय तिचे पाऊल पुढे पडत नाही. पडावही असाच होता. तो भरतीसाठी थांबे, ही नौका विजेसाठी थांबेल. दोन भरत्यांमधील साडेबारा तासांत एक फेरी, ओहोटीबरोबर उतरणे, भरतीबरोबर चढणे, आणि मधल्या वेळात काठाला बसून राहणे, हे जुने वेळापत्रक तिला तेलाच्या नौकेपेक्षा अधिक मानवेल. कारण पाण्याच्या ओढीबरोबर गेले तर तितकी वीज वाचते. तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब अशा रीतीने पुन्हा उपयोगात येऊ शकतो. वीज कोणत्या इंधनापासून निर्माण झाली, हा प्रश्न शिल्लक राहतोच. चिनी नौकेच्या पोटातील कोळसा त्याची साक्ष आहे.

मग अडते कोठे? काठाला मोकळी जागा हवी, ती आता थोडी आहे. जेथे जागा उरली आहे तेथे तिवरे आहेत. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. हा निर्णय योग्यच होता, कारण भरावापासून काठ वाचला असेल तर तो तिवरांमुळे वाचला. त्याच खाडीत कोळ्यांची जाळी असतात. बार्जांच्या येण्याजाण्यात त्या जाळ्यांचे काय होईल, हे मढच्या, मार्व्याच्या आणि मनोरीच्या लोकांना विचारल्याशिवाय ठरविता येणार नाही. पूर्वी पूल आणि भराव ठरविताना ते विचारले गेले नव्हते. जुन्या पडावाला तिवरे तोडावी लागली नाहीत, कारण तो लहान होता आणि चिखलावर बसत होता. हजार टनांची बार्ज चिखलावर बसणार नाही. पन्नास-शंभर टनांची सपाट तळाची विजेची नौका मात्र जुन्या बंदरांच्या जागी, फार खणल्याशिवाय, लागू शकेल. जे आराखडे मोठ्या धक्क्यांचा आणि मोठ्या बार्जांचाच विचार करतात, ते ह्या किनाऱ्याचा इतिहास न वाचता केलेले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

पाण्यावरची रहदारी अगदीच थांबलेली नाही. मार्व्याहून मनोरीस, गोराईस आणि वेसाव्याहून मढला होड्या रोज जातात. मार्व्याच्या होडीत माणसांबरोबर दुचाकी गाड्याही चढतात. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये २० फेब्रुवारी २०२४ रोजी मोटारी वाहून नेणारी नौका सुरू झाली. सडकेने मोठा वळसा पडे तो प्रवास ती थोड्या मिनिटांत करते. नौका बाहेरून आणता आली. पण तिला लागण्यासाठी, जेथे शतकानुशतके पडाव लागत होते त्या खाडीच्या दोन्ही काठांना, आधी नवे धक्के बांधावे लागले.